कुत्र्याला फळ देताना: किती, कुठला भाग आणि काय अजिबात नाही

कुत्र्याला सफरचंद चालतं का? या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. गर चालतो, बिया आणि मधला टणक भाग चालत नाही. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धं सफरचंद सहज पचेल, तेवढंच तीन किलोच्या कुत्र्याला जुलाबाचं कारण होईल. म्हणून फळाच्या नावाइतकंच कुत्र्याचं वजन आणि फळाचा भाग पाहायला हवा. काही मोजके पदार्थ मात्र असे आहेत की त्यांचं प्रमाण शोधत बसूच नये.

आधी एक गोष्ट: निरोगी कुत्र्याला फळाची गरज नसते. क जीवनसत्त्व त्याचं यकृत स्वतःच तयार करतं. पूर्ण आहार नीट मिळत असेल तर फळ हा फक्त खाऊ आहे, आणि खाऊचा हिशेब खाऊसारखाच ठेवायचा. दिवसभराच्या कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा. त्यात बिस्किटं, चघळायच्या कांड्या, जेवताना टेबलाखाली सरकवलेले तुकडे, सगळं आलं.

हे दहा टक्के म्हणजे किती, ते साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं. कुत्र्याचं किलोतलं वजन तीनदा घेऊन गुणाकार करा, उत्तराचं लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. दहा किलोसाठी: १० × १० × १० = १०००, दोनदा वर्गमूळ काढल्यावर ५.६२, गुणिले ७० म्हणजे साधारण ३९४. नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा १.६ ने गुणायचा, म्हणजे दिवसाला ६३० कॅलरी. खाऊच्या वाट्याला त्यातल्या ६३. एवढ्यात सुमारे १२० ग्रॅम सफरचंद, २०० ग्रॅम कलिंगड किंवा ७० ग्रॅम सोललेलं केळं बसतं. मध्यम आकाराचं केळं सोलून ११५–१२० ग्रॅम भरतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यालासुद्धा अख्खं केळं जास्तच. पाच किलोच्या कुत्र्याचा वाटा ३७ कॅलरींचा, तिथे केळ्याचा एक तृतीयांश तुकडा पुरे. ही वरची मर्यादा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. आणि जेवढं फळ द्याल तेवढ्या कॅलरी जेवणातून कमी करा, नाहीतर वजन हळूहळू चढतं.

नवीन फळ पहिल्या दिवशी एक सेंटिमीटरच्या दोन-तीन फोडींपेक्षा जास्त देऊ नये. एका वेळी एकच नवीन फळ द्यावं आणि चोवीस तास शी व भूक पाहावी. दोन नवीन फळं एकदम दिली आणि पोट बिघडलं तर कशामुळे ते कळतच नाही. फोडी लहान करणं महत्त्वाचं आहे, कारण बरेच कुत्रे फळ चावत नाहीत, गिळतात. गाजराच्या गोल चकत्या घशात अडकू शकतात, त्यामुळे ते किसून किंवा वाफवून बारीक तुकडे करून द्यावं.

आंब्याचा गर चालतो, पण कोय कुत्र्याच्या हाती लागू देऊ नका. ती गुळगुळीत असते, गिळली जाते आणि आतड्यात अडकते. पुन्हा पुन्हा उलटी, अन्न नको, शीला जोर करूनही काही न होणं, अशी लक्षणं दिसली तर अनेकदा शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. पीच, प्लम, चेरी यांच्या बियांचं तेच, शिवाय त्या फोडल्या गेल्या तर त्यांतून सायनाइड तयार होतं. सफरचंदाच्या बियांतही सायनाइड तयार करणारा घटक आहे. एखाददुसरी बी अख्खी गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण रोज गाभ्यासकट सफरचंद देणं टाळा. कलिंगडाच्या बिया आणि जाड साल काढा. पपईची साल-बिया काढून गर द्या. संत्र्याच्या एक-दोन सोललेल्या फोडी ठीक, साल नाही. पाकात बुडवलेली डब्यातली फळं आणि फळांचे रस बाजूला ठेवा.

आता द्राक्षं. या एका फळाबद्दल कितीही सांगितलं तरी थोडंच. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कारण बरीच वर्षं अज्ञात होतं. २०२१ पासून पशुवैद्यकांचा मुख्य संशय टार्टारिक आम्लावर आहे. द्राक्षाची जात आणि पक्वता बदलली की त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ‘इतकी द्राक्षं चालतात’ असा आकडा देता येत नाही. मागच्या वेळी खाल्ली आणि काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. वाळवल्यावर तेच आम्ल कमी वजनात एकवटतं, म्हणून मनुका असलेला केकसुद्धा धोक्याचाच. चिंचेतही हे आम्ल भरपूर असतं. उलटी बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते, मग कुत्रा मलूल होतो, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. तोवर थांबलात तर उपचाराची सर्वात चांगली वेळ निघून गेलेली असते. कुत्रा धडधाकट दिसत असला तरी लगेच फोन करा.

झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ. त्याला तर त्याहूनही कमी वेळ लागतो. साखरविरहित च्युइंगम, काही पीनट बटर, टूथपेस्ट यांत ते असतं. वेष्टनावर ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असंही लिहिलेलं सापडेल. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायकरीत्या कोसळू शकते, कधी अर्ध्या तासात. झोकांड्या जाणं, थरथर, झटके ही त्याची लक्षणं. किलोमागे अर्ध्या ग्रॅमपासून यकृताला धोका. च्युइंगमच्या काही गोळ्यांत जवळजवळ एक ग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक गोळीही पुरते.

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन विषारी ठरतं. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून बेचैनी, उलटी, जुलाब. ४० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या आसपास झटके. दहा किलोच्या कुत्र्यासाठी पहिली पायरी ढोबळमानाने १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट, ४० ग्रॅम डार्क किंवा जेमतेम १० ग्रॅम कोको पावडर.

कांदा-लसणाचा घात उशिरा कळतो. तांबड्या पेशी फुटतात आणि फिकट हिरड्या, गडद लघवी, दम लागणं हे सारं काही दिवसांनी दिसतं. शिजवल्याने दोष जात नाही, आणि पावडर त्याहून तीव्र. रोज थोडा थोडा कांद्याचा रस्सा अंगात साठत जातो, म्हणून उरलेलं मसाल्याचं जेवण कुत्र्याच्या भांड्यात रिकामं करू नका. मॅकाडेमिया (एक प्रकारचा सुकामेवा), कच्चं यीस्टचं पीठ, कॉफी, दारू आणि शिजवलेली हाडं यांनाही नाहीच. बिनमिठाचं, हाडं-कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, साधा भात, उकडलेला भोपळा हे निर्धास्त द्या, वरच्या हिशेबातच. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असलेल्या कुत्र्याला मात्र कुठलंही फळ डॉक्टरांना विचारूनच.

चुकून काही खाल्लंच तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मीठच विष ठरू शकतं, आणि गुंगीतला कुत्रा उलटी फुफ्फुसात ओढून घेऊ शकतो. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्यक ठरवतील. त्याचा उपयोग बहुधा पहिल्या दोनेक तासांतच असतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता फोन लावा. कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती आणि किती वाजता, एवढं सांगा. वेष्टन फाटलेलं असलं तरी सोबत न्या. उरलेल्या तुकड्यांचं वजन करता आलं तर पोटात गेलेलं प्रमाण वजाबाकीने काढता येतं.