खालची चाल

बुधवार, रात्र. पाऊस थांबलेला नाही.

आज गिटार घेऊन दीड तास बसले आणि फक्त आठ बार (तालाचे छोटे समान तुकडे) वाजवले. बाख या जर्मन संगीतकाराच्या ई मायनर सुइटमधल्या (सुइट म्हणजे नृत्यरचनांची मालिका; बाखच्या रचनांच्या सूचीत हिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही ९९६), बूरे या नृत्यरचनेचा पहिला भाग. तो मला पंधरा वर्षं येतो. क्लासिकल गिटार शिकणारा जवळपास प्रत्येक जण तो कधी ना कधी वाजवतोच. रविवारी मैत्रिणीच्या घरी वीस-बावीस लोकांसमोर वाजवला. एकही सूर चुकला नाही, लोकांना आवडलाही. परत येताना रिक्षात आई म्हणाली, “वरची चाल छान वाजवलीस गं. पण खाली सारखं काहीतरी घुमत होतं. ते तसंच असतं का?”

ते तसं नसतं. तीन दिवस तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

बूरे दोन आवाजांचं आहे, आणि खालचा आवाज वरच्याला नुसता आधार द्यायला बसलेला नाही. वरची चाल ई, एफ शार्प, जी (ही पाश्चात्त्य सुरांची नावं) अशी चढते तेव्हा खालची जी, एफ शार्प, ई अशी उतरते. पुढे बासमध्ये, म्हणजे खालच्या आवाजात, ए येतो.  पुढे एकदा ए खाली जीवर येतो. आता गिटारवर हा ए म्हणजे मोकळी पाचवी तार, आणि जी सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला). मी जी वाजवते तेव्हा पाचवी तार अजून गातच असते. म्हणजे दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात. एच्या आधीचा ई मोकळ्या सहाव्या तारेवर, तोही एच्या खाली रेंगाळतो. आईला जे घुमताना ऐकू आलं ते हेच. नोटेशनमध्ये बासच्या बहुतेक सुरांना एकाच मात्रेची लांबी दिली आहे. मी सूर सुरू कुठे करायचा तेवढंच वाचत होते, तो संपवायचा कुठे हे वाचलंच नव्हतं.

यात माझ्या कानाचाही भाग आहे. आई गाणारी, घरात तंबोरा रोज लागायचा. मोकळ्या तारेचा नाद अडवायचा नसतो, तो खोलीत भरून राहू द्यायचा असतो, हे कुणी न सांगता मनात बसलेलं आहे. बाखमध्ये तोच नाद वेळेवर मिटवावा लागतो.

वाद्याचाही भाग आहे. हा सुइट आपल्या गिटारसाठी लिहिलेलाच नाही. वाल्थर या बाखच्या समकालीन संगीतकाराने केलेल्या त्याच्या नकलेवर ‘लाउटनवेर्क’साठी अशा अर्थाची नोंद आहे. लाउटनवेर्क म्हणजे आतड्याच्या तारा लावलेलं, ल्यूटसारखा आवाज देणारं कळफलकाचं वाद्य. १७५० मध्ये बाख गेला तेव्हा त्याच्या घरच्या सामानाच्या यादीत अशी दोन वाद्यं होती. त्या काळची गिटारही वेगळी, लहान, पाच तारजोड्यांची. गास्पार सान्स या स्पॅनिश गिटारवादकाचं १६७४ मधलं सारागोसाचं पुस्तक तिच्यासाठी आहे. आपली सहा तारांची मोठ्या पोटाची गिटार एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये तोरेस या गिटार बनवणाऱ्याच्या हातून घडली, आणि नायलॉनच्या तारा तर १९४० च्या दशकातल्या. आजच्या बासच्या तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते, त्या आतड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ वाजत राहतात. एरवी याच गुणावर माझं प्रेम आहे.

उपाय सगळा उजव्या अंगठ्यात आहे. पाचव्या तारेवरून सहाव्यावर यायचं असेल तर सहावी छेडून अंगठा तसाच पुढे पाचव्यावर टेकवायचा, ती गप्प होते. सहाव्यावरून पाचव्यावर जाताना मात्र पाचवी छेडून झाल्यावर मागे वळून सहावीला स्पर्श करावा लागतो. हे जमवताना वरची बोटं अडखळतात, म्हणून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवून एकेक बार केला. नखापेक्षा अंगठ्याची कड आज जास्त दुखतेय.

पहिल्या भागाच्या शेवटी मी ट्रिल (दोन शेजारच्या सुरांत झपाट्याने ये-जा) घेते, पुनरावृत्तीत. सुरुवात वरच्या सुरावरून. बाखने १७२० मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या, फ्रीडेमानच्या, वहीत लिहून दिलेल्या अलंकारांच्या तक्त्यात ट्रिल तशीच आहे. हल्ली बरेच जण ती दोन तारांवर वाजवतात. हार्पसिकॉर्ड या जुन्या कळफलकाच्या वाद्यासारखी झळकते, ऐकायला मलाही आवडते. पण दोन्ही सूर एकमेकांत मिसळून राहतात, आणि या आठवड्यात मला ते सहन होणार नाही. मी एकाच तारेवर, डाव्या हाताने, कमी वळणांची घेणार आहे.

साडेनऊला फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. पहिले दोन बार स्वच्छ. पाचव्यात ए अजून थोडा उरतोय. पुन्हा सुरुवातीपासून वाजवत होते तेव्हा आई आत ताटं पुसत होती. वरची चाल सोडून ती खालची गुणगुणत होती, ईला सा धरून, कोमल गंधार लावून: ग रे सा, म.