बंदीला कलम आहे, मग वाट मोकळी करायला?

मार्च २०२३ मध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तो ऐन काजूचा हंगाम. खाली पडलेला बोंडू कोणासाठी थांबत नाही; उन्हात दोन दिवसांत आंबून जातो, त्यावर माश्या घोंगावतात. सत्तरीतल्या कितीतरी घरांची वर्षाची कमाई त्या झाडांखाली असते. आग असताना रानात जायला बंदी हवीच, जीव आधी. पण आग विझल्यावर वाट मोकळी झाली हे सांगायचं कोणी?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला बाधित भागात येण्याजाण्यावर निर्बंध घालू देतं. विनाकारण आदेश मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. भाग पुन्हा खुला करण्याआधी पाहणी कोणी करायची, किती दिवसांत, याबद्दल मात्र कलम ३४ मध्ये अवाक्षर नाही. जमावबंदीसारखे तातडीचे आदेश ज्याखाली निघतात, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ त्या मानाने बरं. तिथला आदेश दोन महिन्यांनी संपतो. पुढे चालवायचा तर राज्य सरकारला तो मुद्दाम वाढवावा लागतो, तोही फार तर सहा महिने.

अशीच मुदत इथेही हवी. शिवाय बागायतदारांना आधी सोडा, धबधबे बघायला येणारे पर्यटक नंतर आले तरी चालतील. (पावसात दरड कोसळली की हाच घोळ होतो.)

येत्या ग्रामसभेत मी हे लेखी मांडणार आहे. सत्तरीतल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.