पुढचे स्ट्रट बदलले, पण उजव्यासाठी आठ दिवस गेले (नाशिकमधला माझा अनुभव)

जुन्या गाडीचे स्ट्रट (पुढच्या चाकांचे दणके शोषणारे शॉकॲब्सॉर्बर) बदलायला टाकणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी जॅकवर चढण्याआधी दोन्ही खोकी स्वतः उघडा आणि एक डावा, एक उजवा आहे ना ते बघा. मी बघितलं नाही. म्हणून माझी गाडी पाथर्डी फाट्याजवळच्या एका गॅरेजच्या पत्र्याखाली पुढच्या उजव्या चाकाशिवाय आठ दिवस उभी राहिली आणि मी द्वारका चौकाकडच्या एका स्पेअर पार्टच्या काउंटरवर रोज ‘उद्या’ ऐकत होतो. दोन महिने झाले, राग अजून गेलेला नाही.

गाडी २०१२ची हॅचबॅक, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली. इंजिन उत्तम आहे, म्हणून विकायचा विचार नाही. गतिरोधकावरून उतरताना पुढून खडखड यायची. आधी लिंक रॉड बदलले, मग लोअर आर्मचे रबरी बुश (दोन्ही पुढच्या सस्पेन्शनचेच भाग). दोन्ही वेळा महिनाभर बरं वाटलं आणि आवाज परत आला. या पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरहून येताना मात्र ब्रेक दाबला की नाक खाली जायचं आणि खड्ड्यातून निघाल्यावरही गाडी झुलत राहायची. आईला कमरेचा त्रास आहे. ती पाठीशी उशी घेऊन बसायला लागली, तेव्हा मी आणखी थांबायचं नाही असं ठरवलं.

मेस्त्रींनी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते, माझी तीनदा हलली. चाक वळवून आत बॅटरी मारली तर दोन्ही स्ट्रटच्या नळ्यांवर तेल ओघळून त्यावर धुळीचा जाड थर बसला होता. टायरवर हात फिरवला तर लाटा लागत होत्या. रबर सरळ झिजण्याऐवजी टप्प्याटप्प्याने खाल्लं गेलं होतं.

“शॉकअप गेलेत, सर. दोन्ही एकदम बदला. एकच बदलला तर एक बाजू कडक, एक ढिली राहील.”

हे त्यांचं बरोबरच होतं. तेल भरून जुनेच परत देणारेही आहेत, निम्म्याहून कमी पैशांत. मी नाही म्हटलं. आतला वॉल्व्ह आणि पिस्टन झिजलेला असतो, नुसतं तेल नि सील नवं घालून तो भरून येत नाही.

पार्ट मेस्त्रीच आणणार होते. जोडीचे ५,४०० रुपये, वरचं माउंटिंग (स्ट्रट वर गाडीला जिथे बसतो तो भाग) आणि बेअरिंग १,३००, मजुरी १,५००. सकाळी काम सुरू झालं, दुपारपर्यंत डावी बाजू झाली. जुना स्ट्रट हातात घेऊन दाबला तर रॉड आत गेला आणि तिथेच राहिला, वर यायचं नावच नाही. नव्याचा रॉड दाबून सोडला की आपोआप वर येत होता, कारण त्यात गॅस भरलेला असतो. उजवीकडचे नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) धरणारे दोन बोल्ट गंजून बसले होते. ते सुटेपर्यंत पाच वाजले. (आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा, दोन तास वाचतील.)

मग दुसरं खोकं उघडलं. तोही डावाच निघाला.

ज्यांना वाटतं की दोन्ही सारखेच दिसतात, त्यांच्यासाठी सांगतो. स्ट्रटच्या नळीवर ब्रेकचा रबरी पाइप अडकवायची एक छोटी पट्टी असते. ती डाव्यावर एका बाजूला, उजव्यावर दुसऱ्या बाजूला. खालच्या कपात स्प्रिंगचं टोक टेकायची खाच असते, तीही आरशात बघितल्यासारखी उलटी. खोक्यावरच्या पार्ट नंबरमध्ये बऱ्याचदा फक्त शेवटचा आकडा वेगळा असतो. माझ्याकडे आलेल्या दोन्ही खोक्यांवर शेवटचा आकडा एकच होता.

मेस्त्रींनी लगेच दुकानात फोन लावला. “उद्या बदलून देतो,” असं उत्तर आलं. नकल तारेने वर बांधून ठेवली, म्हणजे तिचं वजन ब्रेकच्या पाइपवर येणार नाही आणि चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्टही ओढला जाणार नाही. मी रिक्षाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी स्वतः काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने खोकं फिरवून बघितलं आणि म्हणाला, “सील फोडलंय. फोडलेला माल परत घेत नाही.” मी म्हटलं, फोडल्याशिवाय आतला पार्ट कळणार कसा? त्यावर तो म्हणाला, “तुमच्या मेस्त्रीने दोन फ्रंट मागितले, आम्ही दोन फ्रंट दिले.” मी मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “जोडी मागितली होती, सर. जोडी म्हणजे डावा-उजवा, हे दुकानदाराला सांगावं लागतं का?” मला मेस्त्रींचंच पटलं. पण मागणी फोनवर झाली होती, लिहिलेलं काहीच नव्हतं. आणि माझ्या हातात पक्कं बिल नव्हतं, नुसती कच्ची चिठ्ठी होती. तिच्यावर ‘स्ट्रट २ नग’ एवढंच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा म्हटलं तरी पहिला प्रश्न बिलाचाच येणार, हे मला कळत होतं. पाचशे-हजारांच्या पुढचा कुठलाही पार्ट घेताना पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या, मेस्त्री आणत असतील तरी. ही माझी चूक होती आणि तीच मला सगळ्यात महाग पडली.

तिसऱ्या दिवशी कळलं की उजवा शिल्लकच नाही, मुंबईहून मागवलाय. चौथ्या दिवशी माल ट्रान्सपोर्टला पडलेला होता. पाचव्या दिवशी गणपतीमुळे गोडाऊन बंद. सहाव्या दिवशी “पार्सल आलंय वाटतं, संध्याकाळी बघतो”. संध्याकाळी गेलो तर शटर खाली. प्रत्येक वेळी इंदिरानगरहून रिक्षा. वर एक दिवसाआड आईला फिजिओथेरपीला मुंबई नाक्याकडे न्यायचं, तेही रिक्षाने. द्वारकेच्या चौकातल्या गर्दीत रिक्षा आदळली की आई डोळे मिटून दांडा घट्ट धरायची. ज्या दणक्यांपासून तिला सोडवायचं म्हणून हे काम काढलं, तेच दणके ती आठवडाभर जास्त खात होती. त्या काउंटरवरच्या मुलाने पहिल्याच दिवशी ‘नाही, आमच्याकडे नाही’ एवढं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दुसरीकडे गेलो असतो. नकाराने माणूस मोकळा होतो. ‘उद्या’ने तो बांधला जातो.

सहाव्या दिवशी मेस्त्रींचाही धीर सुटला. त्यांची एक जागा अडली होती, दोन गाड्यांची कामं त्यांनी परत पाठवली होती. म्हणाले, “सर, हाच डावा उजवीकडे बसवू का? पाइप टाय मारून बांधतो. चालून जाईल.”

मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण पुढचं चाक नुसतं वर-खाली होत नाही, स्टिअरिंगबरोबर वळतंही. त्या पाइपचा ताण आणि वळण त्या पट्टीच्या हिशेबाने ठरलेलं असतं. टायने बांधलेला पाइप एखाद्या दिवशी पूर्ण वळणात टायरला घासणार किंवा ताणला जाणार आणि कसारा घाटात ब्रेक जाणार. मी हात जोडून नको म्हटलं. मेस्त्रींनीही परत विषय काढला नाही. ते मनाने चांगले आहेत, फक्त कंटाळले होते.

सातव्या दिवशी मी जे केलं ते दुसऱ्याच दिवशी करायला हवं होतं. जुना उजवा स्ट्रट रॉकेलच्या फडक्याने पुसला. धुळीखाली ठोकलेला नंबर दिसला. नंबरचा आणि पाइपच्या पट्टीचा असे दोन फोटो काढले. मग काउंटरचा नाद सोडून शहरातल्या दुकानांना एकेक फोन करत गेलो. गाडीचं नाव सांगायचंच नाही, थेट पार्ट नंबर सांगायचा. सहाव्या फोनला, नाशिक रोडला बिटको चौकाच्या अलीकडच्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी “थांबा हं” म्हटलं, आत जाऊन आले आणि म्हणाले, “एक आहे. उजवाच आहे. या.”

त्यांनी न सांगताच खोकं उघडून दाखवलं. मी मोबाइलमधला फोटो शेजारी धरला. पट्टी त्याच बाजूला. २,७०० रुपये, वर पक्कं बिल. तो स्ट्रट मांडीवर घेऊन रिक्षात बसलो तेव्हा मला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी पाऊण तासात उजवी बाजू झाली. फिटिंगच्या वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. स्ट्रटचा वरचा नट, नट फिरवायच्या गनने मारू देऊ नका. रॉड आतल्या आत गरगर फिरतो आणि नव्या स्ट्रटचं सील खराब होऊ शकतं. रॉड धरून हातपान्यानेच आवळायचा. आणि लोअर आर्मचे बोल्ट सोडले असतील तर ते गाडी जमिनीवर उतरल्यावर, तिचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

तिथून थेट अलाइनमेंटला गेलो. स्ट्रट सुटला की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) दोन्ही हलतात, त्यामुळे हा खर्च टाळू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे असलेला छापील कागद मागून घ्या. मागच्या शॉकॲब्सॉर्बरना गळती नव्हती, ते ठेवले.

उरलेल्या डाव्या स्ट्रटचं काय झालं? तीन आठवड्यांनी परत त्या द्वारकेच्या दुकानात गेलो. त्या दिवशी काउंटरवर मोठे मालक होते. मी दोन्ही खोक्यांच्या लेबलचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि काही न बोलता २,७०० रुपये मोजून दिले. पैसे मिळाले तरी मला आनंद झाला नाही. जे त्यांना एका मिनिटात दिसलं, ते पहिल्या दिवशी त्याच काउंटरवर कोणी बघायला तयार नव्हतं.

माउंटिंगचं राहिलं. स्ट्रट नवे आणि वरचं माउंटिंग जुनं, असं करू नका. स्टिअरिंग वळवताना वरून कट्‌कट्‌ येते ती बऱ्याचदा त्या बेअरिंगची असते, आणि ते बदलायला सगळं परत खोलावं लागतं. बंप स्टॉपचं रबर (स्ट्रट पूर्ण दबला की आदळ झेलणारं) आणि धुळीची टोपीही तेव्हाच घाला. पाचशे किलोमीटर झाल्यावर मेस्त्रींकडे जाऊन सगळे नट एकदा तपासून घेतले. लिंक रॉडचा एक नट अर्धा आटा फिरला.