वाऱ्यातली शेगडी

श्रावण लागायच्या आत एकदा कोळशावरचं चिकन झालंच पाहिजे, हा आमच्या घरचा हट्ट. आज पावसानं उघडीप दिली, तसे सगळे येळ्ळूरच्या शेतावर गेलो. समोर राजहंसगड, खाली भाताची हिरवी खाचरं, आणि वारा असा की काडी ओढायचा अवकाश, विझलीच.

काका म्हणाले, "रॉकेल नको, वास मांसात उतरतो. तेलाचा डबा आण बघू." डब्याचा तळ कापलेला, खालच्या अंगाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत थोड्या उंचीवर जाळी. जाळीखाली तेलात भिजवलेला कागद आणि नारळाच्या शेंड्या, वर काठोकाठ कोळसा. काडी खालून लावली. गरम हवा वर चढते आणि भोकांतून ताजी हवा ओढून घेते, त्यामुळे बाहेर कितीही वारा असो, आतला जाळ टिकतो. वीसेक मिनिटांत वरच्या कोळशांनी पांढरी राख धरली. तोवर मांस ठेवायचं नाही!

निखारे शेगडीत ओतले ते बांधाच्या आडोशाला. उघड्या वाऱ्यात ते भडकतात, मांस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

मध्येच भुरभुर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, शेगडी खोपीत घेऊया. काकांनी साफ नकार दिला, आणि मला ते फार पटलं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. बंद जागेत माणूस झोपेतच जातो. पोरांनो, थंडीत खोलीत शेगडी पेटवून झोपू नका रे.

मग दोघांनी वर पत्रा धरला आणि चिकन बाहेरच भाजलं. वहिनींची हिरव्या मिरचीची चटणी, लिंबू, कांदा. पोटभर जेवलो.