तुम्ही विचारलंत म्हणून: रंधा मशीन घ्यावं का?

"ताई, ते सगळं एकात असलेलं रंधा मशीन कसं आहे हो? घेऊ का?"

घरी लाकूडकाम करणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. नेरुळला आमच्या रो-हाउसच्या मागच्या शेडमध्ये लाकूड तासून सपाट करणारं ते मशीन उभं आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला मी बिनधास्त "घ्या" म्हणायचे. तिघांनी तर माझ्या शब्दावर घेतलंसुद्धा. हल्ली मी उलट प्रश्न विचारते, तर लोकांना वाटतं मी टाळतेय किंवा भाव खातेय. तसं नाही. म्हणून एकदाच नीट लिहिते.

तुमचं काम प्लायवूड आणि सनमायकाचं असेल तर विषय इथेच संपला. प्लायमधला गोंद पात्यांची धार खातो, आणि प्लायला रंधा लागतोच कशाला? जुलैत दार चौकटीला घासतंय म्हणून कुणी विचारत असेल, तर आधी दिवाळीपर्यंत थांबा. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं, ऑक्टोबरनंतर पुन्हा बसतं. भर पावसात तासलेल्या दाराला हिवाळ्यात फट पडते. तरीही घासत राहिलं तर हातरंधा किंवा ८२ मिलिमीटर पात्याचा इलेक्ट्रिक रंधा पुरतो.

उरले ते खऱ्या लाकडाची हौस असलेले, वखारीतून सागाच्या फळ्या किंवा पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळया आणणारे. त्यांच्याशी मला बोलायचंय.

हे लोक मला विचारतात मोटर किती एचपीची, पाती दोन की तीन, रुंदी किती. मीही वागळे इस्टेटमधल्या दुकानात हेच विचारलं होतं. दुकानदारानं पाइनची एक फळी मशीनवरून फिरवली, आरशासारखी निघाली, मी पैसे मोजले. ती फळी आधीपासूनच सरळ होती, हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं. सरळ फळी कुठल्याही मशीनमधून सरळच निघते. दुकानात जाताना घरातली सगळ्यात वाकडी फळी काखोटीला मारून न्या, मी नेली नव्हती.

माझ्या मशीनची रुंदी दहा इंच. वरच्या टेबलावर फळीचं एक तोंड, म्हणजे एक रुंद बाजू, सपाट करायचं, मग तेच तोंड खाली ठेवून मशीनच्या पोटातून फळी काढायची, म्हणजे दुसरं तोंड त्याला समांतर होतं आणि जाडी सगळीकडे सारखी येते. बाजूला करवत, टोकाला ड्रिल. कागदावर चार मशीनं, जागा एकाची. पण वरच्या कामावरून खालच्या कामावर यायचं तर गाइड, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी, काढा, दोन्ही टेबलं उचला, भुसा बाहेर टाकणारं नळकांडं उलटं फिरवा, खालचं टेबल चढवा. दहा मिनिटं जातात. पहिलं तोंड थोडं राहिलंय असं कळलं की परत दहा मिनिटं. या बदलाबदलीला किती वेळ लागतो, हा प्रश्न आजवर मला एकानंही विचारलेला नाही. माझं सगळं नुकसान त्या दहा मिनिटांनी केलं.

नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा आईनं एकच वस्तू मागून घेतली, ओटीवरच्या झोपाळ्याची पाट. पाच फूट लांब, दोन सागवानी फळ्या सांधून केलेली, दीड इंच जाड. सुताराच्या भाषेत बारा सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबा संध्याकाळी त्याच पाटेवर बसून पेपर वाचायचे. उजव्या हाताशी कडीजवळ लाकूड त्यांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेलं होतं, बोटानं चाचपलं तर एक उथळ वाटी लागायची. नव्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याला जागा नाही, म्हणून त्या फळ्यांचं आईसाठी बसकं टेबल करायचं मी ठरवलं.

सांधा उघडला, त्यातले कुसू, म्हणजे लाकडी खुंट्या, सोडवले. पहिली फळी जमिनीवर ठेवली तर दोन कोपऱ्यांवर डुलत होती. पीळ होता, जवळजवळ तीन सूत. अशा फळीचं पहिलं तोंड वरच्या टेबलावर काढणं जिकिरीचं. टेबल आखूड, फळी पाच फुटी, उंच कोपरे आधी हातरंध्यानं उतरवायला हवेत. शनिवारची दुपार होती, टेबलं आदल्या दिवसापासून खालच्या कामाला लावलेली होती. मी फळी सरळ मशीनच्या पोटात घातली.

ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर खोटं ठरेल. मशीनच्या पोटातले रोलर फळीला दाबून सपाट करतात, पातं त्या दाबलेल्या अवस्थेत तासतं, आणि बाहेर पडली की फळी अंगच्या पिळावर परत जाते. हे मी स्वतः इतरांना समजावलेलं आहे. तरी वाटलं, थोडं थोडं काढलं की येईल. जाड असताना फळीनं जराशी दादही दिली, म्हणून माझी आशा वाढली. एकेक मिलिमीटर काढत गेले. दहा सूत, नऊ, आठ. दर वेळी जमिनीवर ठेवून बघायची, दर वेळी डुलायची. सात सुतांवर बाबांच्या अंगठ्याची जागा गेली. मी थांबले नाही. सहा सुतांवर गाठीजवळ लाकडाच्या धाग्यांची रेषा उलटी लागली आणि तळहाताएवढं लाकूड उचकटून निघालं. मोटर बंद केल्यावरही पाती फिरत राहतात, तो आवाज उतरत जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. पायाशी गोणीभर भुसा, त्याला जुन्या सागाचा वास.

शेजारच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवली. त्यांनी फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवल्या, वाकून एक डोळा मिटून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पहिलं तोंड कुणी काढलं होतं?"

मग त्यांनीच सांगितलं की एका सपाट पाटावर फळी ठेवून डुलणाऱ्या कोपऱ्यांखाली पाचरी मारल्या असत्या, तर याच मशीननं वरचं तोंड सरळ काढून दिलं असतं. टेबलं बदलायची गरजही नव्हती. म्हणजे दोष मशीनचा नव्हता? मी तेव्हा लोकांना तसंच सांगायला लागले, चूक माझी, मशीन उत्तम. आता तेही पूर्ण पटत नाही. वेगळं मशीन कायम सपाटीच्या कामाला लावलेलं असतं तर मी फळी आधी तिथे नेली असती, याची मला खात्री आहे. घाईला जागा त्या बदलाबदलीनं दिली. पण दहा बाय आठच्या शेडमध्ये दोन मशीनं बसत नाहीत, हेही खरंच. पाच फुटी फळीला पुढेमागे मिळून दहा फूट मोकळे लागतात. मी दार उघडं टाकून अंगणात फळी काढते, तेव्हा आवाज सगळ्या लायनीला जातो. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची, हे मशीन त्याच्या कितीतरी पुढे. शेजारच्या आजी दुपारी झोपतात, म्हणून मी सकाळी अकरा ते साडेबारा एवढंच चालवते. आणि मास्कशिवाय कधीच नाही. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ सालीच कर्करोगकारक ठरवलंय.

घ्यायचंच असेल तर या, तुमची वाकडी फळी घेऊन या. मी टेबलं बदलणार नाही, तुम्ही बदला, घड्याळ लावून. मग ठरवा.

आईला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "एक आहे ना अजून." ती दुसरी फळी माळ्यावर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, अजून बारा सूत. बाबांचा हात न लागलेली. पाचरी करून ठेवल्यात, हातरंध्याला धारही लावलीय. काढीन तेव्हा कशानं काढीन, ते मला सांगता येत नाही.