फरशी थरथरेना

सोलापूरच्या पूर्वभागात माझा दवाखाना आहे. मागांचा खडखडाट एवढा सवयीचा, की लाईट गेली की तो होता हे लक्षात येतं.

एप्रिलमधली दुपार. टॉवेलाच्या कारखान्यात माग चालवणारे एक मामा बायकोचा खांदा धरून आत आले. मी विचारायच्या आत मावशीच म्हणाल्या, "तोंड धुताना पडालेत डाक्टर. डोळ्याला साबण लावला की धाडदिशी."

मामांची तक्रार वेगळी होती. "कारखान्यात फरशी थरथरते बघा, ती कळंना झालीय. चप्पल निसटून जाते, तेबी कळंना. तुटलेला तार जोडायला बोटं ऐकंनात."

तीस वर्षं मागापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला फरशीची थरथर कळत नाही! मी ड्रॉवरमधून ट्यूनिंग फोर्क काढला, ठोकला की थरथरणारा धातूचा दुशिंगी काटा; थरथर कळते का ते त्यानं तपासतात. त्यावर धूळ होती, हेही सांगून टाकतो. ठोकून पायाच्या अंगठ्यावर ठेवला, काही नाही. घोट्यावर, काही नाही. गुडघ्यावर थोडंसं. पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि ते सरळ मागे कलले. मी हात धरूनच होतो. पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणाऱ्या मज्जारज्जूच्या मागच्या तारा कामातून गेल्या होत्या. डोळे उघडे असेपर्यंत नजर ती उणीव भरून काढते. तोंड धुताना मिटले, की संपलं.

शर्ट वर केला तर पोटावर उभा जुना व्रण. पाच वर्षांपूर्वी गाठ निघाली म्हणून सगळं जठर काढलेलं.

हा व्रण मी आठ महिन्यांपूर्वीही पाहिला होता. तेव्हा ते थकवा घेऊन आले होते, हिमोग्लोबिन सात. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, लोह आणि फोलिक ॲसिड. रक्त दहाच्या वर गेलं, मीही खूश. पण बी-१२ जीवनसत्त्व कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून झिजतच राहतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

"आठवड्याला मटण असतंय घरात, जीवनसत्त्व कमी कसं पडंल?" मावशींचा प्रश्न रास्त होता. मटणातलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठरच नाही, तर ते येणार कुठून? आणि यकृतातला जुना साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ऑपरेशनशी संबंध कुणालाच लागत नाही.

मावशींनी पिशवीतून डिस्चार्जचा कागद काढला. त्यात लिहिलेलं होतं: बी-१२चं इंजेक्शन, कायम. वर्षभर घेतलं, मग बरं वाटलं म्हणून सोडलं. आठ महिन्यांपूर्वीही तो कागद पिशवीत असणार. मी मागितला नव्हता.

रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हजार मायक्रोग्रॅमचं पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं. मग एक दिवसाआड, पुढे महिन्याला एक. एमआरआयसाठी सिव्हिलला पाठवलं. माझी चूक मी दोघांना सांगितली. मामा एवढंच म्हणाले, "आता तरी सुई बरोबर हाय ना?"

दिवाळीच्या आधी ते काठी टेकत एकटे आले. आता बसून सुताच्या कांड्या भरायचं काम करतात. मी फोर्क घोट्यावर ठेवला. ते जरा थांबले, मग हसले. "येतंय की. मागावानी."

अंगठ्यावर अजून काही येत नाही.