बुलेटच्या पोटातला वारा

बुलेटखाली तेलाचा डाग दिसत नसेल तर इंजिनातलं तेल संपलंय समजावं, हा विनोद कोल्हापुरातला प्रत्येक बुलेटवाला कधी ना कधी मारतो. मला तो कधी पटला नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून रोज याहून अवघड कास्टिंग निघतात आणि ती टिपूसभर गळत नाहीत. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचं इंजिन आहे म्हणून ते गळायलाच पाहिजे, असं नाही. गास्केट बदलून, शेलॅक फासून, नट करकचून आवळूनही तेल येतच असेल, तर आधी ब्रीदर बघावा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी वाट.

माझी गाडी १९९६ ची, साधी साडेतीनशे, गिअर उजव्या पायात. तिची लक्षणं सांगतो, म्हणजे ज्यांची तशीच असतील त्यांच्या लगेच ध्यानात येईल. रॉकर कव्हरच्या कडेनं ओल, टायमिंग कव्हरच्या खाली थेंब, एअर फिल्टरच्या डब्यात तेलाचा राडा. प्रायमरी चेनच्या, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या, कव्हरातलं तेल तर कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं. गावात फिरताना एवढं काही नाही, पण कागलपर्यंत हायवेला सलग ताणली की उजवा बूट तेलकट. एका मिस्त्रींनी बघितल्या बघितल्या निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, रिबोअर करा, म्हणजे सिलिंडर कातून मोठा करा, ओव्हरसाइज पिस्टन टाका. पण प्लग काढला तर कोरडा, विटकरी. सायलेन्सरला निळा धूर नाही. किकला कॉम्प्रेशन असं की अंगाचा भार टाकल्याशिवाय पाय खाली जात नाही. अशा इंजिनाचा बोअर फाडायला माझं मन तयार होईना.

हिशोब साधा आहे. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०, म्हणजे ३४६ सीसी. आपण कायम पिस्टनच्या डोक्यावर काय चाललंय तेच बघतो. पण पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, तेवढीच, ३४६ सीसी जागा तो खातो, आणि वर गेला की तेवढीच मोकळी करतो. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. म्हणजे सेकंदाला सतरा लिटरच्या वर हवा बाहेर जायला बघते आणि तेवढीच आत यायला बघते. रिंगांच्या फटीतून निसटून खाली येणारा वायू यात भर घालतो, पण चांगल्या इंजिनात तो या ये-जा करणाऱ्या हवेच्या मानानं अगदी थोडा. जोडसिलिंडरमध्ये एक पिस्टन वर आणि एक खाली असेल तर हवा आतल्या आत इकडून तिकडे सरकते. सिंगलला ती सोय नाही. जुन्या ट्रायम्फच्या ६५० मध्ये दोन सिलिंडर असूनही दोन्ही पिस्टन बरोबरच वर-खाली होतात, म्हणून त्यांनी इनटेक कॅमच्या टोकाला फिरती चकती बसवून ब्रीदर वेळेवर उघड-बंद केला होता.

हे सगळं मी उद्यमनगरात मामांना सांगत बसलो होतो. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, पण लेथवर त्यांचा हात बघितला तर कुणीही मामाच म्हणेल. सगळी उमर त्यांची ऑइल इंजिनांत गेली. विहिरीवरची, गुऱ्हाळावरची, पिठाच्या गिरणीतली. माझं सेकंदाला सतरा लिटरचं गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं लेका, इंजानाच्या पोटातला वारा भाईर पडला पायजे, आन् भाईरचा आत येता कामा न्हाई. एवढंच हाय की. लिस्टरच्या दाराला ती पत्र्याची चकती कशापायी अस्ती?"

खरं होतं. लिस्टर पद्धतीच्या त्या संथ डिझेल इंजिनांच्या क्रँककेसच्या दाराला ब्रीदर असतो आणि त्यात एक पातळ चकती नुसती ठेवलेली असते. पिस्टन खाली आला की हवा तिला उचलून बाहेर पडते, पिस्टन वर गेला की ती बसते. त्यामुळे क्रँककेसमध्ये थोडा व्हॅक्यूम राहतो आणि सांध्यासांध्यांतून तेल बाहेर ढकललं जायच्या ऐवजी आत धरलं जातं. चकती झिजली किंवा कुणी हरवली, की तेच इंजिन चहूबाजूंनी गळायला लागतं. बुलेटलाही जुन्या काळी ब्रीदरच्या टोकाला मिटलेल्या ओठांचं रबर असायचं, त्याचं काम हेच.

माझ्या गाडीवरची मांडणी मात्र वेगळी होती. डाव्या अंगाला सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसचा निपल, म्हणजे पाइप चढवायचं तोंड, तिथून पाइप एका पत्र्याच्या डब्यात, डब्यातून एक पाइप एअर फिल्टरला आणि एक टायमिंग कव्हरला परत. कागदावर छान दिसतं: वाफ इंजिन जाळतं, तेल घरी येतं. पण ये-जा अडवणारं काहीच नाही. आणि परत काय येतं? मंगळवार पेठेतून उद्यमनगरात जायला-यायला इंजिन नीट तापतही नाही. जुलैत तर पेट्रोल जळून झालेलं पाणी क्रँककेसमध्येच थंड होतं. त्या डब्यात मला बासुंदीसारखा दाट, फिकट पिवळा साका सापडला. असला माल टायमिंगच्या गिअरवर परत सोडायची काही गरज नाही.

पुढचं काम घरी आणि मामांच्या बाकड्यावर मिळून झालं. हवा बाहेर सोडेल पण आत घेणार नाही अशी एकदिशा झडप कुठली घ्यायची यावर आमची बरीच वादावादी झाली. मोटारीच्या ब्रेक बूस्टरच्या पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बरेच जण वापरतात. स्वस्त आहे, कुठेही मिळतो, पण त्याचं भोक बारीक आणि आतली स्प्रिंग सेकंदाला ५० वेळा उघडझाप करायला बनवलेली नाही. लिस्टरसारखी चकती मामांना हवी होती. पण ते इंजिन ६५० आरपीएमवर चालतं, आमचं त्याच्या कितीतरी पुढे जातं. जड चकतीला तेवढ्यात खाली बसायला वेळच मिळत नाही. शेवटी उत्तर मिळालं ते यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये. टू-स्ट्रोकच्या कार्ब्युरेटरमागे जो रीड व्हॉल्व्ह असतो, त्याच्या पात्या याहून जास्त वेगाने उघडझाप करायलाच जन्माला आलेल्या. कोल्हापुरात आरएक्सचे पार्ट मिळायला अडचण कसली! मामांनी अॅल्युमिनियमची दोन भागांची डबी वळून दिली, मध्ये रीड ब्लॉक गास्केटसकट चेपला. पात्या बाहेरच्या बाजूला उघडल्या पाहिजेत. बसवण्याआधी तोंडानं फुंकून आणि ओढून बघायचं: फुंकलं की जातं, ओढलं की जिभेला चिकटतं.

ही डबी निपलच्या जितकी जवळ, तितकं चांगलं. लांब पाइपाच्या टोकाला झडप लावली तर मधली हवाच स्प्रिंगसारखी दबते आणि झडपेला पिस्टनची खबर उशिरा लागते. डबीच्या पुढचा पाइप मात्र हवा तेवढा लांब चालतो. फक्त कुठेही निपलपेक्षा अरुंद होऊ द्यायचा नाही, आणि मध्ये झोळ पडू द्यायचा नाही, कारण झोळात पाणी साठतं. पाइप तेल सोसणारा नायट्राइल रबराचाच घ्या. बागेचा पारदर्शक पाइप इंजिनाच्या उष्णतेनं आधी मऊ पडून चेपतो, मग कडक होऊन तडकतो. मी पाइप चढता ठेवून सीटखाली नेला. तिथे एक बाटली आणि तिच्यात स्टीलची घासणी कोंबलेली. वाफेतलं तेल तिथे गळून राहतं आणि उरलेला वायू पहिल्यासारखाच एअर फिल्टरच्या डब्यात जातो. टायमिंग कव्हरचा निपल बुच मारून बंद केला. हे विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात, कारण हवा तिथून आत येणार आणि झडप नुसती टकटक करत बसणार. तेल भरायच्या झाकणाचं वॉशरही त्याच कारणासाठी नवीन घातलं.

तपासणीची युक्तीही मामांचीच. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार फळीवर ठोकायचा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी, आणि एक टोक त्या टायमिंगच्या निपलला. नळीचे दोन्ही पाय चांगले हातभर उंच पाहिजेत, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. आणि मधे चिमट्यानं नळी दाबायची, म्हणजे पाणी नाचत नाही. गाडी सुरू केली की पाणी इंजिनाच्या बाजूला चढलं तर व्हॅक्यूम आहे. माझं चढलं, आणि रेस केल्यावरही तिथंच राहिलं. झडप चांगली असूनही ते उलट्या बाजूला ढकललं गेलं असतं, तर मात्र रिंगांतून जास्त वायू उतरतोय हे मान्य करून मी मुकाट्यानं रिबोअरला गेलो असतो.

पाइपाचं टोक उंच नेण्याला माझ्याकडे आणखी एक कारण आहे, ते खास आपल्याकडचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. अशा पाण्यातून चालू गाडी काढताना ब्रीदरचं उघडं टोक खाली लोंबत असेल आणि झडप नसेल, तर पिस्टन वर जाताना इंजिन सरळ पाणी पितं. पूर ओसरल्यावर गॅरेजांबाहेर उभ्या गाड्यांचं ड्रेन बोल्ट काढलं की आधी नुसतं पाणीच यायचं, ते आठवत असेल.

बाहेरच्या पोरांसारखा पाइप नंबर प्लेटपर्यंत नेऊन हवेत मोकळा सोडायला माझा विरोध आहे. ती वाफ म्हणजे कच्चं पेट्रोल आणि तेल, मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मनाई आहेच. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना तर हात लावूच नका, तिथे ब्रीदर आधीपासून विचार करून दिलेला असतो.

गगनबावड्याला जाऊन आलो, करूळ घाट उतरून चढलो. बूट कोरडा, रॉकर कव्हर कोरडं, प्रायमरीतली पातळी जागच्या जागी. प्रायमरी कव्हरच्या मधल्या नटाखाली अजून एक थेंब धरतो. त्याचा ब्रीदरशी काही संबंध नाही, तिथली रबरी रिंग चेपलीय. शनिवारी आणतो.